शेषरावांची स्वतंत्र खोली

रायपुरात साप विकत घ्यावा लागत नाही. तो येतो.

पहिले दोन चांगले पाऊस झाले की येतो. शहराच्या चारी अंगांना ज्या नव्या कॉलन्या उठल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा जागी कालपरवापर्यंत धानाची शेतं होती. बिल्डरने आपल्याला 'विकसित भूखंड' म्हणून कागद दिला; धामणीला कुणी कळवलं नाही. जिथे तिच्या आजीने उंदीर धरले त्याच बांधावर ती आषाढात येते आणि तिला तिथे मॉड्युलर किचन सापडतं. घरातली माणसं पलंगावर चढतात. कामवाली बाई मात्र वाकून एकदा बघते, "असढिया हे, कुछू नइ करय," म्हणते आणि झाडत राहते. ढोडिया, म्हणजे आपलं दिवड, निघालं तरी झाडत राहते. पिटपिटी निघाली तर केरासोबत बाहेर लोटते. डोमी, म्हणजे नाग, निघाला तरच झाडू खाली ठेवते. सापाचं विष मोजायला शास्त्रज्ञांकडे काय काय यंत्रं असतील ती असोत. आमच्याकडे बाईच्या हातातला झाडू आहे आणि तो सहसा चुकत नाही.

अशा गावात आमच्या पुतण्याने एका रविवारी, पोहे खाता खाता, जाहीर केलं की त्याला साप पाळायचा आहे. आणि तोही इथला नको, आफ्रिकेतला हवा.

आमचं घर तात्यापाऱ्यात. शारदा चौक आणि आझाद चौक यांच्या मधल्या या भागात मराठी घरं जुनी. बिंबाजी भोसले 1758 मध्ये रतनपूरच्या गादीवर आले, त्यांच्या मागोमाग नागपुराकडची माणसं छत्तीसगडात पसरली, आणि त्यातली काही इतकी पसरली की परत जायचं राहूनच गेलं. आमची मराठी नागपूरच्याही पुढची आहे. त्यामुळे आईने पोह्यांवर लिंबू पिळत जो प्रश्न विचारला तो असा होता, "काय रे, साप पाळून राहिला म्हणे? मग आजवर अंगणात निघत होते ते काय होते?"

प्रश्न बरोबर होता. पण पुतण्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्याकडे उत्तर तयार होतं. अंगणातला साप पाळणं हा गुन्हा आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तसं स्पष्ट सांगतो. आपला अजगर त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसतो. त्याला पेटीत घालून ठेवलं तर आपल्याला त्याहून मोठ्या पेटीत तीन ते सात वर्षं काढावी लागतील. याउलट पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन आणला, विकणाऱ्याचे कागद नीट घेतले, आणि 2024 साली निघालेल्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंद केली, तर तो घरात राहू शकतो. त्याला पिल्लं झाली तर कळवायचं. तो दुसऱ्याला दिला तर कळवायचं. मेला तर कळवायचं. दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वडिलांच्या मृत्यूनंतर घराच्या कागदांवर वारसांची नावं चढवायला ते अजून तहसीलच्या चकरा मारत आहेत. "म्हणजे सापाचे कागद आपल्याआधी पूर्ण होणार," एवढंच ते म्हणाले.

नागाची नोंद ठेवण्याची रीत छत्तीसगडाला नवी नाही, हे इथे सांगितलं पाहिजे. कवर्ध्याच्या फणिनागवंशी राजांनी भोरमदेवचं देऊळ बांधलं आणि शेजारच्या मडवा महालात 1349 साली शिलालेख कोरून आपली वंशावळ थेट नागापासून लावून घेतली. पहिल्या राजाचं नाव अहिराज. तिकडे बस्तरमध्ये छिंदक नागांचं राज्य होतं. राजाला आपल्या पूर्वजाचा पुरावा दगडावर द्यावा लागे. पुतण्याला पीडीएफ चालणार होतं, तेही दोन एमबीच्या आतलं.

सापाचं नाव त्याच बैठकीत ठरलं, शेषराव. आईने थोडी कुरकुर केली, कारण तिच्या चुलत सासऱ्यांचं नाव शेषराव होतं आणि त्यांच्यावर ओरडायची तिला सवय नव्हती. पण 'शेरू' ठेवण्यापेक्षा हे बरं म्हणून मान्य झालं. म्हणजे साप यायच्या आधी त्याचं बारसं झालं, आता घर.

इथून पुढे पुतण्याने जे सांगितलं ते ऐकून घरात पहिल्यांदा शांतता पसरली.

पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला, म्हणजे साडेतीन-चार फुटांच्या जनावराला, चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी लागते. त्याहून लहान दिली तर तो हिरमुसतो. पुढे सरकत्या काचा. हवेसाठी एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर जाळीच्या फटी, म्हणजे हवा खेळती राहते. तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा. देवदार किंवा पाइनचा भुसा अजिबात नाही, त्याच्या वासाने सापाला श्वासाचा त्रास होतो. सगळं अंग बुडेल एवढं पाण्याचं जड भांडं, कारण हलकं असलं तर तो ते उलथवतो. आणि लपायला दोन जागा. एक नाही, दोन. एक पेटीच्या उबदार टोकाला, एक थंड टोकाला. दोन्ही अशा अरुंद की वेटोळं घालून बसल्यावर भिंती चारी बाजूंनी अंगाला लागल्या पाहिजेत.

"दोन कशाला?" वहिनीने विचारलं.

पुतण्याने समजावलं. सापाच्या अंगात स्वतःची उष्णता तयार होत नाही. ऊब हवी असली की तो उबेकडे सरकतो, नको झाली की गारव्याकडे. पण तो भित्राही असतो. लपायची जागा एकाच टोकाला असली तर बिचाऱ्याला निवड करावी लागते, ऊब की सुरक्षितता. मग तो लपून बसतो आणि अंगाला सोसत नसलं तरी तिथून हलत नाही. आजारी पडतो. म्हणून दोन.

दादांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मला त्यांच्या मनात काय चाललंय ते कळलं, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं. आमच्या घरात हॉलमध्ये कूलर आहे, पण तिथे आई बसते आणि आल्या-गेल्याला काम सांगते. आतल्या खोलीत आई नाही, पण कूलरही नाही. दादा गेली तीस वर्षं या पेचात हॉल आणि आतली खोली यांच्यामधल्या दारात उभे आहेत. त्यांच्यासाठी थंड टोकाला लपायची जागा कुणी केली नाही.

मराठी एकत्र कुटुंबात माणसाला लपायला जागा नसते. संडासाला कडी असते, पण बाहेरून आवाज येतो, "झालं का?" सापाला मात्र अशी हाक मारायची नाही. त्याला नवीन घरात आणल्यावर पहिला आठवडाभर हात लावायचा नाही, उचलायचं नाही, काचेवर टकटक करायची नाही. जेवल्यावर दोन दिवस त्याला त्रास द्यायचा नाही, नाहीतर तो खाल्लेलं बाहेर काढतो. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे निळसर दुधी होतात, नीट दिसेनासं होतं, तेव्हा तो चिडचिडा असतो. त्याच्या वाटेला जायचं नाही. वहिनी हे सगळं मन लावून ऐकत होती. तिचं लग्न होऊन ती या घरात आली त्या दिवशी पन्नास माणसांनी तिला उखाणा घ्यायला लावला होता आणि दुसऱ्या दिवशी पुरणाचा घाट घातला होता. "मला पण हे असं काही लागू आहे का?" तिने विचारलं. पुतण्या म्हणाला, "आई, तू सरीसृप नाहीस." कायद्याच्या दृष्टीने मुद्दा बरोबर होता.

पेटी करायला मिस्त्री आला. त्याने माप घेतलं, प्लायवूड लिहून घेतलं, लॅमिनेट कोणत्या रंगाचं ते विचारलं, आणि मग कुणासाठी म्हणून विचारलं. कळल्यावर त्याने पेन्सिल कानावर ठेवली. "साँप बर? इहाँ मनखे बर जगा नइ हे, भइया." माणसाला जागा नाही आणि सापाला पेटी, हा त्याचा आक्षेप तात्त्विक होता, आगाऊ पैसे घेण्याच्या आड तो आला नाही. त्याने फर्निचर चांगलं केलं. चिकटद्रव्याचा वास उडायला पेटी गच्चीवर उन्हात ठेवली, आणि तिथेच या प्रकरणातला खरा खलनायक पुढे आला.

साप पाळण्याची पुस्तकं लिहिणारी बहुतेक माणसं इंग्लंड-अमेरिकेतली. त्यांचा सगळा जीव पेटी तापवण्यात. कोणता दिवा लावावा, त्याला जाळी कशी बसवावी म्हणजे साप भाजणार नाही, थर्मोस्टॅट का हवाच, रात्री वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या कुठे ठेवाव्यात, याची प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. उबदार टोक 31-32 अंश, थंड टोक 26 च्या आसपास, रात्री 24 च्या खाली नको. लेखकाच्या खिडकीबाहेर बर्फ पडत असतो, हे पानापानावर जाणवतं.

रायपुरात मे महिन्यात पारा 44-45 वर असतो. शेवटच्या आठवड्यात नवतपा लागतो, नऊ दिवस, ज्यात डांबरी रस्त्यावर चप्पल चिकटते आणि नळाच्या थंड पाण्याने अंघोळ केली तर चटका बसतो. या दिवसांत आमच्या घरात 31 अंशांचं 'उबदार टोक' शोधायचं म्हटलं तर ते फ्रिजच्या आसपास कुठेतरी निघेल. पुतण्याने पेटीच्या दोन्ही टोकांना तापमापक लावले. दुपारी अडीचला उबदार टोक 41 होतं. थंड टोकही 41 होतं. या एका बाबतीत रायपूर कुणाला डावं-उजवं करत नाही. थर्मोस्टॅटचा दिवा मार्चअखेरपासून जूनपर्यंत एकदाही पेटला नसता. आणि बॉल पायथनला पस्तिशीच्या वरचं तापमान फार वेळ सोसत नाही. आफ्रिकेत तो अशा दुपारी जमिनीखालच्या बिळात जाऊन पडतो. म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या पाहुण्याला रायपूरचा उन्हाळा बाधण्याची पुरेपूर शक्यता होती. आम्ही इथे पिढ्यान् पिढ्या आहोत, पण आम्हाला बीळ नाही.

कूलर लावला तर? लाकडी घासाचा मोठा कूलर खोली दहा अंशांनी उतरवतो आणि दमटपणाही देतो, जो या सापाला 55-60 टक्के हवाच असतो. पण जून संपता संपता कूलरने खोली इतकी चिकट होते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. एकच मार्ग राहिला. पुतण्या म्हणाला, "शेषरावांच्या खोलीत एसी लागेल."

आमच्या घरात एसीचा विषय याआधीही निघालेला आहे. दादांना रक्तदाबासाठी हवा होता, नाही म्हटलं गेलं. वहिनीला स्वयंपाकघराशेजारी हवा होता, हसण्यावारी नेलं गेलं. आईने स्वतःसाठी कधी मागितला नाही, पण शेजारच्यांनी घेतला तेव्हा ती चार दिवस कमी बोलली. आता मात्र कारण शास्त्रीय होतं. विरोध अपेक्षित होता. झालं असं की नवतपात सापाच्या खोलीत रात्री झोपायला तीन जण ताबडतोब तयार झाले. "त्याला एकटं वाटायला नको," असं दादा म्हणाले. साप एकलकोंडा प्राणी आहे, त्याला सोबत नको असते, हे पुतण्याने सांगून पाहिलं. ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

जेवणाचा प्रश्न निघाला तेव्हा ही एकजूट फुटली. हा साप उंदीर खातो. दूध पीत नाही. नागपंचमीला वाटीत ठेवतात ते दूध कुठलाच साप हौसेने पीत नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप जे पातळ समोर येईल ते पितो आणि मग आजारी पडतो. आफ्रिकेतला असो वा अंगणातला, त्याला हवा असतो उंदीर, आणि पाळलेल्या सापाला तो मेलेला, गोठवलेला द्यावा असं जाणते सांगतात, कारण जिवंत उंदीर कोपऱ्यात सापडला की सापालाच चावे घेतो. तो फ्रीजरमध्ये ठेवायचा. द्यायच्या दिवशी कोमट पाण्यात वितळवायचा, अंगाइतका गरम करायचा, आणि चिमट्याने समोर धरायचा.

आमच्या फ्रीजरमध्ये मटार, आमरसाचे डबे आणि ओल्या नारळाचा चव असतो. वहिनीने फ्रिजकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग पुन्हा फ्रिजकडे. "वेगळा फ्रिज," ती म्हणाली. म्हणजे आतापर्यंत शेषरावांना स्वतंत्र खोली, लपायला दोन ठिकाणं, एसी आणि स्वतःचा फ्रिज असं सगळं मिळालेलं होतं. पुण्यात एवढ्यावर लग्न जमतं.

आई अनपेक्षितपणे सापाच्या बाजूला गेली. त्याचं असं झालं की पुतण्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, बॉल पायथन मनात येईल तेव्हा खाणं सोडतो. प्रकृती उत्तम असताना महिनोन् महिने तोंड उघडत नाही. जगभरचे पाळणारे या काळजीने वजनकाटा घेऊन बसलेले असतात. आईने विचारलं, "मध्ये काही घेतो? साबुदाणा, शेंगदाण्याचं काही?" काही नाही, फक्त पाणी. आई बराच वेळ काही बोलली नाही. ती स्वतः चातुर्मास करते आणि घरातल्या बाकीच्यांच्या एकादशीला ती जे म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. "कडक करतो," ती शेवटी म्हणाली. "चांगल्या घरचा दिसतो."

शेजाऱ्यांनी एक नवीनच शंका काढली. आमच्या दारावरून गणपतीच्या दिवसांत धुमाल जातो. ज्यांनी धुमाल ऐकलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: गाडीवर ढोल-ताशे, त्यांना जोडलेले भोंगे, आणि सगळ्यांचा मिळून असा ठेका की घरातली भांडी फळीवर सरकत सरकत कडेला येतात. विसर्जनाच्या झांक्यांची रात्र तर विचारूच नका. महादेव घाटाकडे निघालेल्या रांगा पहाटेपर्यंत संपत नाहीत. सापाला बाहेरचे कान नसले तरी जबड्याच्या हाडांतून जमिनीचा थरकाप त्याला नेमका कळतो. बॉल पायथन घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करतो आणि त्यातच तासन् तास राहतो. या सवयीवरूनच त्याला बॉल म्हणतात. त्या रात्री आम्हीही तेच करतो, फक्त डोक्यावर उशी घेऊन. त्यामुळे या मुद्द्यावर त्याच्याशी आमचे मतभेद नव्हते.

राहिलं कुलूप. पेटी सुरक्षित असावी, हे सगळे सांगतात. कुणापासून कुणाला, हे सांगायला विसरतात. सापाचं डोकं ज्या फटीतून जातं तिथून उरलेला साप जातोच. तो नाकाने काच ढकलून ढकलून सरकवतो, आणि त्याच्याकडे वेळ भरपूर असतो. म्हणून काचेला कुलूप, जाळीला आतून पट्टी, वायरच्या भोकाला बूच. हे झालं सापाने बाहेर येऊ नये म्हणून. पण आमच्याकडे दिवाळीत नागपूरची आत्या येते. तिला या घरातला कुठलाही बंद डबा उघडून बघायचा जन्मसिद्ध हक्क आहे, चकल्या मऊ पडल्या असतील तर परत तळायला. चार फूट लांब पेटीला कुलूप बघून ती आधी वहिनीवर संशय घेईल आणि मग किल्ली शोधेल. बॉल पायथन बिनविषारी आणि स्वभावाने मवाळ. आत्या दोन्ही नाही. त्यामुळे किल्ली कुठे ठेवायची हा प्रश्न शेषरावांच्या जिवाशी निगडित होता.

याच टप्प्यावर दादांनी नीलिमकुमार खैरे यांचं नाव काढलं. माझ्या पिढीतल्या बहुतेक मराठी घरांत सापाचा विषय कुठूनही निघाला तरी खैऱ्यांपर्यंत पोचतोच. 1980 च्या जानेवारीत पुण्यात या माणसाने काचेची मोठी खोली करवून घेतली, तिच्यात नाग, घोणस, पट्टेरी मण्यार अशा जातींचे 72 साप सोडले, आणि स्वतः आत जाऊन 72 तास बसला. त्याआधीचा विक्रम दक्षिण आफ्रिकेतल्या पीटर स्नायमनचा होता. साप उगाच चावत नाही, छेडलं तरच चावतो, हे लोकांना दाखवायचं, हा खैऱ्यांचा हेतू. साप अंगावर चढत, ते हलक्या हाताने उतरवून ठेवत. त्या वेळी ते हॉटेलात रिसेप्शनिस्ट होते. आलेल्या पाहुण्याला न चिडता जागा दाखवायची सवय उपयोगी पडली असणार. पुढे 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान त्यांच्याच खटपटीने उभं राहिलं.

दादांचा मुद्दा असा की खैऱ्यांनी प्रश्न बरोबर उलटा करून सोडवला. साप ठेवायची पेटी सुरक्षित आहे की नाही हे कळायला माणसाने आत जावं. "आधी तू बस," ते मुलाला म्हणाले, "चार बाय दोन बाय दोन. नवतपात. कूलर बंद करून."

तरीही बेत मोडला तो उष्णतेवर नाही, उंदरांवर नाही आणि आत्यावरही नाही. तो मोडला सापाच्या आयुष्यावर. नीट सांभाळला तर बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात अशाच एका मादीने 2020 साली, वयाच्या साधारण बासष्टाव्या वर्षी, सात अंडी घातली. त्याआधी कित्येक वर्षं तिने नराचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ही माहिती पुतण्याने कौतुकाने सांगितली. आईने "अग्गबाई" म्हणून विषय बदलायला सांगितलं. वहिनी मात्र हिशेब करत होती. मुलगा दोन वर्षांनी इंजिनिअर होणार. रायपूरची इंजिनिअर झालेली मराठी मुलं रायपुरात राहत नाहीत. ती पुण्याला किंवा बंगळुरूला जातात आणि तिथून आईला फोन करून विचारतात की वांग्याच्या भाजीत पाणी किती घालायचं. साप जाणार नाही. साप तिच्या साठीत असेल, सत्तरीत असेल. याआधीही या घरात एक गिटार आणि एक माशांची टाकी शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने आईच्या पदरात पडलेली आहे.

"तू पुण्याला गेल्यावर," तिने विचारलं, "उंदीर कोण गरम करणार?"

पुतण्याने दादांकडे पाहिलं. दादा हॉल आणि आतली खोली यांच्यामधल्या दारात उभे होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्रात पाहिलं. शेषराव तिथे संपले.

पेटी राहिली. चार बाय दोन बाय दोन, काचेची दारं, कुलूप, थर्मोस्टॅट. रायपूरचा हिवाळा छोटा पण डिसेंबरच्या रात्री पारा बारा-तेरावर जातो आणि विरजण काही केल्या लागत नाही. वहिनीने थर्मोस्टॅट 32 वर ठेवून उबदार टोकाला दह्याची भांडी मांडली. इतकं घट्ट दही तात्यापाऱ्यात दुसरीकडे कुठे लागत नाही, हे आत्यानेही कबूल केलं आहे. तिने कुलूप उघडूनच ते कबूल केलं, हे वेगळं सांगायला नको.

आता सगळी थट्टा झाल्यावर एक सांगतो. छत्तीसगडात सापाला पेटीत ठेवायची गरज फार थोड्यांना आहे. पेटीत झोपायची गरज बऱ्याच जणांना आहे. जशपूर जिल्ह्यातल्या फरसाबहार-तपकरा या पट्ट्याला लोक नागलोक म्हणतात. सर्पदंशाने मृत्यू आला तर सरकार घरच्यांना चार लाख रुपये देतं, आणि 2025 मध्ये विधानसभेत असा प्रश्नही निघाला की नागलोकापेक्षा बिलासपूर जिल्ह्यात सर्पदंशाचे दावे जास्त कसे. म्हणजे इथे साप जमिनीवर सरपटतो तसा फायलीतही सरपटतो. पण मण्यार खोटी नाही. ती पावसाळ्यात रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दुखत नाही म्हणून तो कूस बदलून पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरचे डॉक्टरऐवजी बैगाला, म्हणजे मांत्रिकाला, बोलावतात. यावर निघालेली सगळ्यात स्वस्त सुरक्षित पेटी म्हणजे मच्छरदाणी. चार दोऱ्या, जाळीचं कापड, आणि कडा गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलेल्या. तिला थर्मोस्टॅट लागत नाही, परिवेशवर नोंद लागत नाही, आणि आत गेल्यावर निदान सकाळपर्यंत कुणी काम सांगत नाही.

तर आषाढ-श्रावणात आमच्याकडे याल तेव्हा गच्चीवर सतरंजी टाकून झोपायचा हट्ट धरू नका. रात्री उठलात तर टॉर्च घेऊन उठा. साप दिसलाच तर काठी शोधू नका. त्याच्यावर नजर ठेवा आणि सर्पमित्राला फोन करा, तो येऊन धरून नेतो. चावल्याची नुसती शंका आली तरी बैगाकडे न जाता थेट मेकाहारा हे सरकारी रुग्णालय किंवा एम्स गाठा. प्रतिविष तिथे मिळतं. आणि सकाळी बूट पायात घालायच्या आधी एकदा झटका. असढिया निघाला तर घाबरू नका, बाई झाडत असेल तर नाहीच नाही.